आधी आत शिरायचं, मग बघायचं

लग्नसराईत पार्लरला गर्दी असते हे कुणीही सांगेल. पण माझ्या खुर्चीवर खरे नवे चेहरे येतात ते ॲडमिशनच्या दिवसांत. बारावी झालेल्या, घरातनं पहिल्यांदा बाहेर पडायला निघालेल्या पोरी. हॉस्टेलला जायच्या आधी एकदा आयब्रो करून घ्यायच्या, अशी आमच्या कोल्हापुरातल्या कसबा बावड्यात रीतच पडून गेलीय. सोबत आई असते. ती दारात चप्पल काढता काढताच बजावते, "लई बारीक करू नका हां ताई, तिच्या बापाला कळाय नको." पोरगी खुर्चीत मान मागं टाकते, मी म्हणते, "वरची कातडी ताणून धर," आणि दोऱ्याचं टोक दातात धरते. पहिल्या ओढीला डोळ्यांतनं पाणी येतंच. सगळ्यांच्याच येतं.

पूर्वी मी विचारायची, कुठली ब्रँच मिळाली गं? दातात दोरा धरून बोलायची सवय आहे मला. हल्ली विचारत नाही. पोरी आपणहूनच सांगतात. कुणी छाती फुगवून सांगते, कॉम्प्युटर. कुणी हळूच सांगते, सिव्हिल, आणि लगेच पुढं जोडते, "पण कॉलेज चांगलं हाय." हे "पण" ऐकलं की माझा हात जरा थांबतो. पोरीला वाटतं दोरा तुटला.

हे पावसाचे दिवस मला आवडत नाहीत. टॉवेल चार दिवस वाळत नाहीत, त्यांना कुबट वास येतो. गुलाबपाण्याची बाटली उघडली तरी तो वास जात नाही. भिंतीला ओल येते, आरशाच्या मागं काळे ठिपके उठतात. येणारी प्रत्येक बाई छत्री झटकत दोनच गोष्टी बोलते. एक, बंधाऱ्यावर पाणी कितपत आलं. दुसरी, लिस्ट लागली का. नदीचं पाणी निदान उतरतं तरी. लिस्टचं तसं नसतं.

आमची स्नेहल बारावी झाली ते साल मला कधी पुसून टाकता आलं नाही. स्नेहल आमची एकुलती एक. लहानपणापासून माझ्या पार्लरच्या बाकावर बसून वाढलेली. आणि कोल्हापूरच्या पोरींसारखी "मी येतो, मी जातो" असं पोरासारखं बोलणारी. अकरावीत असताना जुन्या लॅपटॉपवर काय काय खटपट करून तिनं माझ्या गिऱ्हाइकांना आपोआप मेसेज जाईल असं केलं. "ताई, तुमच्या आयब्रोची वेळ झाली." पहिल्या दिवशी तो चुकून सगळ्यांना एकदमच गेला. शेजारच्या शिंदेकाकूंनी घरातला नंबर म्हणून काकांचा नंबर दिला होता. काका संध्याकाळी काठी टेकत दारात हजर. "व्हय गं पोरी, माझ्या आयब्रोला काय झालंय?" स्नेहल पोट धरून हसली आणि लगेच लॅपटॉप उघडून चूक कुठं आहे ते शोधायला बसली. जेवायला उठेना. तेव्हाच मला कळलं की ह्या पोरीला हेच करायचंय. फार शिकलेली आई लागत नाही हे कळायला.

आमचे हे साखर कारखान्यात लॅबला आहेत. माणूस वाईट नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं मी त्यांना बरंच बोलणार आहे. ह्यांनी बी.एस्सी. केलं तेव्हा लॅबमध्ये जागा नव्हती. मग कुणाच्या तरी चिठ्ठीवर वजनकाट्यावर हंगामी म्हणून लागले. ऊस भरून ट्रॅक्टर यायचे, ह्यांनी वजन करून पावती फाडायची. हंगाम संपला की घरी. दिवाळी आली की पुन्हा बोलावणं. काट्यावरनं ऑफिसात, ऑफिसातनं लॅबमध्ये, असं सरकत सरकत कायम झाले. आमच्या भागातली निम्मी घरं अशीच वर आलीत. कारखाना असो, दूध संघ असो, पतसंस्था असो. आधी आत शिरायचं, मग खुर्ची बदलायची. ह्यांनी अख्ख्या आयुष्यात एवढी एकच गोष्ट स्वतःच्या अनुभवानं शिकून घेतली होती. ती त्यांनी पोरीला दिली.

इंजिनिअरिंगला कॉलेज आणि ब्रँच, दोन्हीची मिळून एक यादी भरायची असते. पहिल्यांदा काय पाहिजे, ते नाही मिळालं तर काय, ते नाही तर काय. स्नेहलच्या मार्कांत पुण्याच्या मोठ्या कॉलेजातलं कॉम्प्युटर बसत नव्हतं. इथं कोल्हापुरात कॉम्प्युटर मिळण्यासारखं होतं, पहिल्या फेरीत नाही तर दुसऱ्या फेरीत. आणि पुण्याच्याच त्या मोठ्या कॉलेजात मेटलर्जी मिळत होती. मेटलर्जी म्हणजे धातूंचं शास्त्र. त्याला मागणी कमी, म्हणून दार जरा उघडं. ह्यांच्या डोळ्यांपुढं लगेच वजनकाटा उभा राहिला.

रविवार होता. पार्लरच्या मागंच आमचं घर, मधे एक पडदा. मी एका बाईच्या आयब्रो करत होते आणि पडद्यापलीकडचं सगळं ऐकू येत होतं.

"पुण्याचं मोठं कॉलेज पहिलं टाक. मेटलर्जी," हे म्हणाले.

"पप्पा, मला कॉम्प्युटर पाहिजे. हितलं पहिलं टाकतो की."

"हितलं कुठं पळून जातंय? ते दोन नंबरला ठेव."

"एक नंबरचं लागलं की दोन नंबर बघायलाच मिळत न्हाय. तसा नियम हाय."

"अगं, मग लागू दे की! लागलं तर पुण्यात शिरलीस. एकदा आत गेलं की ब्रँच बदलता येती. मी चौकशी केलीया."

चौकशी म्हणजे ह्यांनी कुठंतरी फोन केला होता. तिकडच्या माणसानं सांगितलं, पहिल्या वर्षाच्या मार्कांवर बदलता येते, जागा रिकामी असली तर. ह्यांनी पहिलं अर्धं ऐकलं आणि फोन ठेवला.

मला राहवेना. त्या बाईची एक भुवई तशीच अर्धी सोडून मी आत गेले. म्हटलं, "अहो, पोरीला विचारा की जरा."

"विचारतोय न्हवं? तिच्याच भल्याचं चाललंय."

"विचारणं आणि सांगणं ह्यात काय फरक असतो का न्हाय?"

"तू तुझ्या आयब्रो कर जा."

मी तरी सोडलं नाही. चांगलं मोठ्यानं बोलले, बाहेरच्या बाईनं ऐकलं तर ऐकू दे म्हणून. म्हटलं, तुमच्या कारखान्यात माणसं ओळखीची होती, इथं कोण आहे? पण पालथ्या घड्यावर पाणी. स्नेहलनं माझ्याकडं बघितलं, त्यांच्याकडं बघितलं, आणि ते सांगतील तशी यादी लावली. का लावलीस, असं मी तिला पुढं खूप दिवसांनी विचारलं. म्हणाली, "पप्पा कधी नव्हे ते एवढ्या खात्रीनं बोलत होते गं. मला त्यांचं मन मोडवेना."

मी पुष्कळदा ह्या गोष्टीचा विचार करत बसते. याद्या वाचून जागा वाटणाऱ्या त्या मशीनला एवढंच कळतं, की तू जे पहिलं लिहिलंस तेच तुला सगळ्यात जास्त पाहिजे होतं. आणि आमच्याकडं तर मनातलं पहिल्यांदा बोलायचीच पद्धत नाही. म्हैस घ्यायला गेलं तरी आधी शेजारच्या म्हशीची किंमत विचारायची. स्थळ पसंत असलं तरी "बघू, अजून दोन ठिकाणी बोलणं चाललंय" म्हणायचं. पाहिजे ते मागं ठेवायचं आणि नको त्याच्याकडनं वाट काढत यायचं. आम्ही ह्याला शहाणपणा म्हणतो. ज्यानं ही यादी तयार केली त्याला असला शहाणपणा माहीतच नव्हता. त्यानं सरळ विचारलं, काय पाहिजे? आम्ही वाकडं उत्तर दिलं आणि त्यानं ते खरं मानलं.

पहिल्याच फेरीत लागलं. पुणे, मेटलर्जी. पहिल्या नंबरचं मागितलेलं मिळालं म्हणून सीट तिथंच पक्की झाली. हे पेढ्यांचा बॉक्स घेऊन आले. कारखान्यात वाटले, गल्लीत वाटले, माझ्या पार्लरमध्ये अर्धा फेशियल झालेल्या बाईच्या तोंडात सुद्धा पेढा घातला. स्नेहल बाकावर बसली होती. पेढा हातात तसाच. कागद निघाला नव्हता.

मग दुसरी फेरी लागली. शिंदेकाकू खुर्चीत होत्या. मी दोरा फिरवत होते. काकू म्हणाल्या, "आमच्या नणंदेच्या पोरीला लागलं की गं कॉम्प्युटर. हितंच. मार्क तर तुझ्या स्नेहलपेक्षा कमी." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. आनंदाची बातमी होती, सांगितली. माझा दोरा सुटला. मी पावडर लावायच्या निमित्तानं पाठ फिरवली आणि तशीच उभी राहिले. आरशात काकूंना माझं तोंड दिसत होतं हे नंतर ध्यानात आलं. स्नेहल आत होती. तिनं ऐकलं होतं, कारण आतला मिक्सर बंद झाला.

त्यानंतरचे दिवस मला आठवायलाच नकोत. स्नेहल भांडली असती तर बरं झालं असतं. ती गप्प झाली. ताट पुढं ठेवलं की जेवायची, उठायची. लॅपटॉप उघडायची नाही. एके दिवशी मेसेज जाईनासे झाले म्हणून एका बाईनं तक्रार केली, तर स्नेहल म्हणाली, "आई, तू आता फोनच करत जा सगळ्यांना." मी पदर तोंडाला लावून मोरीत जाऊन रडले. काय करावं ते सुचत नव्हतं. पोर डोळ्यांदेखत विझत चाललेली आणि आपल्याला कुठला दरवाजा ठोठावायचा तेच माहीत नाही.

ह्यांनाही कळून चुकलं होतं. कबूल केलं नाही, पण धावपळ सुरू झाली. रेनकोट चढवायचा आणि निघायचं. ॲडमिशनच्या केंद्रावर गेले. तिथल्या पोरानं शांतपणे सांगितलं, "पहिला पर्याय मिळाला तर घ्यायलाच लागतो काका. नाकारलात तर पुढच्या फेऱ्यांतनं बाहेर." हे म्हणाले, "बाहेर म्हंजे?" "म्हणजे उरलंसुरलं काय असेल ते." तिथनं कागलला एका पुढाऱ्याकडं गेले. चिठ्ठी मागायला. आयुष्यात जे काही मिळालं ते चिठ्ठीवर, त्यामुळं त्यांचा विश्वास चिठ्ठीवर. दुपारभर तिथल्या व्हरांड्यात बसून राहिले. साहेब म्हणाले, "अहो पाटील, हे मशीन करतंय. त्याला माझी चिठ्ठी वाचता येत न्हाय." घरी येऊन मला हे सांगताना ते हसायला गेले. हसू आलंच नाही. भिजलेली चप्पल दारात तशीच टाकून आत जाऊन झोपले. दिवसाउजेडी कधी न झोपणारा माणूस.

मला दया आली का? आली. पण राग त्याहून जास्त होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि अवलक्षण पोरीच्या नशिबी.

स्नेहलला पुण्याला सोडायला गेलो तेव्हा कागल-कोल्हापूरकडच्या, साताऱ्याकडच्या किती तरी गाड्या त्या हॉस्टेलच्या दारात होत्या. सगळ्यांच्या डिकीत गादी, बादली आणि चटणीच्या बरण्या. मी मनाला समजावत होते की एवढी माणसं आलीत ती काय वेडी आहेत का. पण महिनाभरानं स्नेहलचा फोन आला. म्हणाली, "आई, आमच्या वर्गात सगळेच ब्रँच बदलायला आलेत. ज्याला विचारावं तो म्हणतो, आमच्या घरात म्हणाले आधी आत शिर, मग बघू." मी म्हटलं, "मग जागा किती असतात?" ती म्हणाली, "कधी एखादी. कधी तीबी न्हाय."

ते वर्ष तिनं कसं काढलं ते तिचं तिला माहीत. रूममधल्या पोरी तिच्या "मी येतो, मी जातो"ला हसायच्या, म्हणून कमी बोलायला लागली. गणपतीला आली नाही, अभ्यास आहे म्हणाली. दिवाळीला आली तर केस एवढे गळलेले की मी तेल लावताना बोटं आवरती घेतली. मी पार्लरवाली, मला काय लपतं? आजवर मी शेकडो बायकांना सांगितलं असेल, टेन्शन घेऊ नका, केस गळतात. पोरीला सांगायला तोंड उघडेना. टेन्शन सोडून दुसरं तिच्याकडं होतंच काय? मी जोतिबाला नवस बोलले. चैत्रात माझ्या आधी हेच डोंगरावर जाऊन आले. कपाळावर गुलाल तसाच. मी विचारलं नाही कशाला गेला होता.

निकाल लागला. मार्क चांगले होते. तिच्यापुढं एक पोरगा होता आणि जागा एकच होती. संध्याकाळी फोन आला, "न्हाय झालं, आई." एवढंच. हे कारखान्यातनं आले, हातपाय धुतले, माझ्याकडं बघून काय ते ओळखलं. "पुढच्या वर्षी?" म्हणाले.

"पुढच्या वर्षी नसतं," मी म्हटलं. "तेवढंच एकदा असतं."

मी स्नेहलला म्हटलं, सोडून दे सगळं, घरी ये, पुन्हा परीक्षा दे, वर्ष गेलं तर गेलं. ती म्हणाली, "आता माझ्यात तेवढा जोर न्हाय गं." एवढ्याशा पोरीच्या तोंडचं हे वाक्य ऐकून मी फोन हातात धरून भिंतीला टेकून बसले.

मेटलर्जी वाईट आहे असं मी म्हणणार नाही. स्नेहलच्याच वर्गात एक पोरगी आहे, तिनं हीच ब्रँच मागून घेतलेली. भट्टीचा प्रयोग असला की सगळ्यांच्या आधी जाऊन उभी राहते म्हणे. तिच्याबद्दल सांगताना स्नेहलचा आवाज बदलतो. माझी पोर कधी कुणाच्या कपड्यांवर, दागिन्यांवर जळली नाही. पण त्या पोरीचा हेवा करते. आपल्याला पाहिजे त्याच ठिकाणी सकाळी उठून जायला मिळणं, ह्या एवढ्याशा गोष्टीचा.

आणि गंमत बघा. गावात आमचं नाव झालं. पाटलांच्या पोरीनं पुणं गाठलं. ॲडमिशनचे दिवस आले की लोक ह्यांना विचारायला येतात. यादी कशी लावायची ते सांगा की म्हणतात. पहिल्या वर्षी हे टाळायचे. नंतर नंतर सांगायला लागले. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची. वाटायचं, माणूस बोलून बोलून स्वतःलाच पटवून घेतोय, घेऊ दे. पण आत कुठंतरी भीतीही वाटायची, की ह्यांच्या बोलण्यानं अजून कुणाची तरी स्नेहल होईल.

गेल्या आठवड्यात कोडोलीहून एक पावणं आले. ह्यांच्या कुणा ओळखीच्याच्या ओळखीचे. सोबत पोरगी. पायजम्याला चिखल होता म्हणून आत येईनात, पार्लरच्या बाकावरच बसले. मी चहा टाकला. स्नेहल सुट्टी संपवून शेवटच्या वर्षासाठी दुसऱ्या दिवशी निघणार होती, आत केस धूत होती.

"तुमच्या पोरीची यादी तुम्हीच लावलीसा म्हणं," पावणं म्हणाले. "आमच्याबी पोरीला पुणं पाहिजे. कसं केलंसा तेवढं सांगा."

हे खुर्ची पुढं ओढून बसले. "हे बघा पावणं, कॉलेज मोठं बघायचं. ब्रँच कुठली का असंना. आधी आत शिरायचं..."

मी चहाची किटली खाली ठेवली. आता बोलते म्हटलं, पावण्यासमोर का होईना. तेवढ्यात ह्यांनी हाक मारली, "स्नेहल! ये गं हिकडं. सांग ह्यांस्नी, पुण्यात गेलीस ते बरं झालं का न्हाय?"

स्नेहल पडदा सारून आली. डोक्याला टॉवेल. तिनं ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांच्या तोंडावर असं काही होतं की मलाच बघवेना. पोरीकडनं एक "व्हय" मागत होते. तेवढं मिळालं असतं तर एवढ्या वर्षांचं ओझं उतरलं असतं त्यांचं. आणि स्नेहलनं ते दिलंही असतं. नातेवाइकांसमोर नेहमीच द्यायची ती. छान चाललंय, म्हणायची.

पण बाकावरची पोरगी तिच्याकडं बघत होती. स्नेहल तिच्यासमोर खाली बसली.

"तुला काय पाहिजे?"

पोरीनं बापाकडं बघितलं.

"तिकडं बघू नको. माझ्याकडं बघून सांग."

"कॉम्प्युटर." ऐकू येईल न येईल एवढ्या आवाजात.

"मग तेच पहिलं टाक. खाली कितीबी टाक, काहीबी टाक. वर तेच."

"आणि पुणं?" पावण्यानं विचारलं.

"काका, मी पुण्यातच हाय," स्नेहल म्हणाली. "म्हणून तर सांगतो."

मी ह्यांच्याकडं बघत होते. आता भडकतील, पावण्यासमोर पोरीला बोलतील, मग मी पण सोडणार नाही, असं सगळं एका क्षणात मनात येऊन गेलं. ह्यांनी पुढं ओढलेली खुर्ची मागं सारली. मग म्हणाले, "पोरगी म्हणती तसं करा, पावणं." जमिनीकडं बघत म्हणाले, "मी ऐकलं न्हाय तिचं. चुकलं माझं."

एवढ्या संसारात हा शब्द मी ह्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. मोटरसायकल भिंतीवर घातली होती तेव्हासुद्धा चूक भिंतीची होती. पावणं गडबडून गेले, चहा गार करून प्यायले, हात जोडून निघाले. पोरगी जाताना दारातनं वळून स्नेहलकडं बघून हसली. हे ड्युटीची वेळ नसताना कारखान्याकडं निघून गेले, रेनकोट खुंटीलाच ठेवून.

मी आत गेले. माझे डोळे वाहत होते आणि मला खरं सांगायचं तर आनंद झाला होता. इतकी वर्षं आतल्या आत कुढत होते मी त्या एका शब्दासाठी. स्नेहल बॅग भरत होती. कपड्यांच्या मधे चटणीची बरणी घट्ट बसवत होती, सांडू नये म्हणून.

"ऐकलंस का?" मी म्हटलं. "बोलले एकदाचे. परक्या माणसादेखत बोलले."

"ऐकलो की."

"मग? बरं वाटलं का न्हाय तुला?"

तिनं बॅगेची चेन ओढली. मधे अडकली, मागं घेतली, पुन्हा ओढली. माझ्याकडं वळली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग नव्हता.

"आई, पप्पांनी चुकलं म्हणावं म्हणून मी कधी रडलोच न्हाय गं," ती म्हणाली. "मला कॉम्प्युटर पाहिजे होतं."